घरात चार गाड्या, मग इंजिन ऑइल एकच चालेल का?

नवी मुंबईत आता असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. वडिलांची जुनी पेट्रोल सेडान, मुलाने घेतलेली नवी हॅचबॅक, टिफिनच्या डिलिव्हरीसाठी एक सीएनजी व्हॅन आणि विमानतळाच्या भाड्यावर डोळा ठेवून घेतलेली बीएस-६ डिझेल गाडी. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं आणि उलवे, पनवेल, खारघरकडे "एखादी गाडी घेऊन लावू का, सर?" हा प्रश्न जरा जास्तच ऐकू यायला लागला.

गाड्या वाढल्या की एक दिवस डोक्यात येतंच. प्रत्येकीचं ऑइल वेगळं कशाला? एकच ग्रेड ठरवू, वीस लिटरची बादली आणू, लिटरमागे चार पैसे वाचतील. विचार धंदेवाईक आहे आणि मला आवडतो. पण आधी कागद-पेन घ्या.

तीन छोट्या गाड्या, प्रत्येकीला साधारण साडेतीन लिटर, वर्षातून एकदा ऑइल चेंज. झाले साडेदहा लिटर. समजा बादली घेतल्याने लिटरमागे ६० रुपये वाचले, तर वर्षाची बचत ६३० रुपये. एका वेळच्या जेवणाचं बिल! आता दुसरं चित्र बघा. तुमच्या पाच कॅब आहेत आणि प्रत्येक गाडी महिन्याला ५,००० किलोमीटर पळते. दर १०,००० किलोमीटरला ऑइल बदलायचं, म्हणजे गाडीमागे वर्षातून सहा वेळा. पाच गुणिले सहा गुणिले साडेतीन, १०५ लिटर. तेच ६० रुपये धरले तर ६,३०० रुपये. इथे विषय सुरू होतो. तरीही २१० लिटरचं बॅरल घ्यायला धावू नका. तो तुमचा दोन वर्षांचा माल आहे आणि तेवढे पैसे दोन वर्षं कोपऱ्यात उभे राहतील.

म्हणजे घरापुरता बघितला तर एकाच ऑइलचा खरा फायदा पैशात नाही, गोंधळ टळण्यात आहे. रात्री उशिरा ड्रायव्हर टॉप-अप करायला गेला आणि चुकीचा डबा उचलला, असं होत नाही. हा फायदा लहान नाही. प्रश्न इतकाच, की सगळ्या गाड्यांना चालेल असं एक ऑइल खरंच असतं का.

त्यासाठी डब्यावरचं वाचता आलं पाहिजे. ५डब्ल्यू-३० मधला 'डब्ल्यू' हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत इंजिन फिरवताना ऑइल किती पातळ राहतं ते सांगतो. ५डब्ल्यूची ती चाचणी उणे ३० अंशांवर होते, १०डब्ल्यूची उणे २५ वर, १५डब्ल्यूची उणे २० वर. द्रासमध्ये राहणाऱ्याने त्याची चिंता करावी. नेरुळला जानेवारीच्या पहाटे स्वेटर घातला तरी लोक बघतात, त्यामुळे या आकड्यात आपल्याला बरीच मोकळीक आहे.

खरा आकडा दुसरा. तो १०० अंशांना, म्हणजे इंजिन तापल्यावर, ऑइल किती घट्ट राहतं ते सांगतो. सेंटिस्टोक्स नावाच्या मापात १६ ची ग्रेड ६.१ ते ८.२ मध्ये बसते, ३० ची ९.३ ते १२.५ मध्ये आणि ४० ची १२.५ ते १६.३ मध्ये. १६ आणि ४० मध्ये जवळपास दुपटीचा फरक आहे. अलीकडच्या अनेक छोट्या पेट्रोल इंजिनांना मायलेजसाठी ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेलं असतं. अशा इंजिनात घट्ट ऑइल घातलं तर मायलेज जातं. उलट केलं, म्हणजे घट्ट ऑइलसाठी बनवलेल्या इंजिनात पातळ ऑइल घातलं, तर भर उन्हात, एसी लावून, सायन-पनवेल हायवेच्या ट्रॅफिकमध्ये धातूंमधला ऑइलचा थर पुरत नाही आणि झीज सुरू होते. ही दुसरी चूक जास्त महाग.

मग करायचं काय? चारही गाड्यांची मॅन्युअल्स टेबलावर ठेवा. बऱ्याच मॅन्युअलमध्ये एकच ग्रेड नसते, दोन-तीन दिलेल्या असतात, सोबत तापमानाचा तक्ता असतो. प्रत्येक गाडीपुढे तिला चालणाऱ्या सगळ्या ग्रेड लिहा आणि चौघींमध्ये सामाईक काय आहे ते शोधा. बऱ्याचदा ५डब्ल्यू-३० हाती लागते. नाही लागली तर ओढूनताणून बसवू नका. दोन ऑइल ठेवा. वॉरंटीतल्या गाडीत मॅन्युअलबाहेरची ग्रेड घालणं म्हणजे उद्या क्लेम करताना समोरच्याच्या हातात कारण देणं.

ग्रेड जुळली म्हणजे काम झालं असं समजू नका. सगळ्यात जास्त लोक पुढच्या पायरीवर घसरतात. ग्रेड हा ऑइलचा घट्टपणा झाला. त्याचा दर्जा वेगळा लिहिलेला असतो: पेट्रोलसाठी एपीआय एसएन किंवा एसपी, डिझेल गाड्यांसाठी अनेकदा एसीईए सी२, सी३. दोन्ही डब्यांवर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असू शकतं आणि आतला माल वेगळा असू शकतो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि डिझेल कारच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर बसला, डीपीएफ. काजळी तो जाळून टाकतो, पण ऑइलमधल्या काही रसायनांची राख जळत नाही. ती तिथेच साचते. म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं. पेट्रोल गाडीसाठी आणलेल्या बादलीतलं ५डब्ल्यू-३० डिझेलमध्ये ओतलं तर आज काही कळणार नाही. गाडी छान चालेल. एक दिवस फिल्टरचा दिवा लागेल, गाडी दम धरेल आणि त्या दिवशी विमानतळाचं भाडं दुसरा घेऊन जाईल.

उलट्या दिशेने जमू शकतं. कमी राखेच्या काही ऑइलवर पेट्रोलचा दर्जाही छापलेला असतो, आणि तो तुमच्या पेट्रोल गाडीच्या मॅन्युअलशी जुळत असेल तर ते चारही गाड्यांत वापरता येतं. पण ते महाग पडतं. एका डिझेलच्या गरजेसाठी तीन पेट्रोल-सीएनजी गाड्यांत महाग ऑइल ओतायचं का, याचं गणित तुम्हीच करा. माझं मत विचाराल तर घरात एकच डिझेल असेल तेव्हा तिचा डबा वेगळा ठेवावा, झाकणाला लाल टेप लावावी आणि बाकीच्या तिघींना एक ऑइल द्यावं.

बाइक मात्र या हिशोबात धरू नका. हे मी स्वतःच्या मूर्खपणातून सांगतोय. कारचं उरलेलं ऑइल वाया कशाला घालवायचं म्हणून मी एकदा ते बाइकमध्ये ओतलं. बेलापूरला पारसिक हिलचा चढ लागला आणि इंजिन ओरडतंय, गाडी पुढे सरकत नाही! बहुतेक बाइकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो आणि कारच्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे पदार्थ त्याची पकड सोडवतात. बाइकच्या डब्यावर जासो एमए किंवा एमए२ बघा. स्कूटरची गोष्ट आणखी वेगळी, तिथे क्लच कोरडा असतो आणि बऱ्याचदा एमबी लागतं.

ज्यांनी अजून दुसरी गाडी घेतलेली नाही, त्यांनी पुढचं नीट वाचा. इंडिगोने २००६ मध्ये उड्डाणं सुरू केली, ती एअरबस ए३२० या एकाच प्रकारच्या विमानांवर, आणि दुसऱ्या प्रकारचं विमान, एटीआर, २०१७ मध्ये घेतलं. पायलटचं ट्रेनिंग एक, मेकॅनिक एक, सुटे भाग एक. ऑइलचा प्रश्न दुकानात सुटत नाही, तो गाडी बुक करताना सुटतो. दोन हजारांच्या डिस्काउंटसाठी वेगळ्या इंजिनाची गाडी घेतली तर फिल्टर वेगळा, ऑइल वेगळं, मेकॅनिकही वेगळा. सेकंडहँड घेणार असाल तर किमतीच्या आधी मॅन्युअल मागा आणि तुमच्या सामाईक ग्रेडमध्ये ती बसते का ते बघा.

बादली घेताना पक्कं बिल घ्या, सील तपासा आणि पॅकिंगची तारीख वाचा. उघडल्याची तारीख झाकणावर मार्करने लिहा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत झाकण सैल राहिलं तर ओल आत शिरते. काढलेलं जुनं ऑइल गटारात किंवा भंगारवाल्याकडे नको. २०१६ च्या नियमांनुसार तो घातक कचरा आहे आणि नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हवा. ज्या गॅरेजमध्ये ऑइल बदलता त्यांना विचारा, तुमचं काढलेलं ऑइल ते कुणाला देतात.