मिथेनवरून झालेले निदान

बोटाला लावायचे ऑक्सिमीटर करोनानंतर घरोघरी आले. त्यातून दोन प्रकारचे प्रकाश बोटात शिरतात: एक लाल आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड. ऑक्सिजन असलेले आणि नसलेले रक्त हे प्रकाश कमी-अधिक शोषते. त्यावरूनच आकडा कळतो, सुई टोचावी लागत नाही.

ग्रहांची तपासणीही अशीच होते. अनेक वायू अवरक्त प्रकाशातील ठरावीक लहरी शोषतात. आलेल्या प्रकाशात कोणत्या लहरी गायब आहेत ते पाहिले की वायू ओळखता येतो. गुरूच्या प्रकाशातील अशा काळ्या पट्ट्यांवरून १९३० च्या दशकात रूपर्ट विल्ट यांनी तिथला मिथेन आणि अमोनिया ओळखला. मिथेन म्हणजे आपल्या गोबर गॅसमधला मुख्य वायू.

या वायूने एक मोठे निदान केले, आणि त्यात महाराष्ट्रात जन्मलेल्या एका माणसाचा वाटा आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये ग्लीझ २२९ या ताऱ्याजवळचा एक अतिमंद ठिपका जाहीर केला. हा तारा सुमारे १९ प्रकाशवर्षे दूर आहे. हिवाळ्यात मोर्शीहून मृग नक्षत्राच्या खाली शशक तारकासमूह दिसतो, त्यात तो आहे. मात्र नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

ठिपका तारा होता की आणखी काही? अवरक्त प्रकाशात मिथेनच्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या आणि प्रश्न सुटला. सर्वात थंड ताऱ्यावरही मिथेन टिकणार नाही इतकी उष्णता असते. तिथला कार्बन ऑक्सिजनशी जोडलेला राहतो. इथे तापमान होते जेमतेम ७०० अंश सेल्सिअस. म्हणजे हा तारा नव्हता. गुरूपेक्षा कितीतरी जड, पण तारा होण्याइतका नाही, असा हा ‘तपकिरी बटू’ होता.

तरी एक गोष्ट खटकत होती. पुढे त्याचे वस्तुमान मोजले तेव्हा ते गुरूच्या सुमारे ७० पट भरले. एवढ्या वजनाच्या मानाने त्याचे तेज फारच कमी होते. २०२४ मध्ये उलगडा झाला: तो एक नसून दोन आहेत, सुमारे १२ दिवसांत एकमेकांभोवती फिरणारे. मिथेनची तपासणी बरोबरच होती, पण तेवढ्यावर रोगी पूर्ण कळला नव्हता.

दवाखान्यातही हेच लागू पडते. ऑक्सिमीटर लावताना नेलपॉलिश काढा, बोटे गार असतील तर चोळून गरम करा. सावळ्या त्वचेवर आकडा कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त दिसतो, हेही ध्यानात ठेवा. आकडा चांगला आहे, पण धाप लागते, ओठ निळसर दिसतात, रोगी गुंगीत आहे, असे असेल तर आकड्यावर विसंबून घरी थांबू नका. लगेच दवाखाना गाठा.