इंजिनाला दारू मानवते कशी?

जुन्या कार्बोरेटरवाल्या बाइकची टाकी रिकामी करा आणि तिच्यात शुद्ध इथेनॉल भरा. खरंच करू नका, मनातल्या मनात करा. आता किक मारा. काय होईल? इथेनॉलही पेट्रोलसारखंच पातळ आणि भडकन पेटणारं. तरीही इंजिन खोकेल, झटके देईल. दुपारचं कडक ऊन असलं तर कदाचित सुरू होईलही, पण अ‍ॅक्सिलरेटर पिळला की गुदमरून बंद पडेल.

असं का व्हावं? सगळी भानगड ऑक्सिजनच्या एका अणूची आहे. पेट्रोल म्हणजे जवळजवळ निव्वळ कार्बन आणि हायड्रोजन. इथेनॉलच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि जोडीला एक ऑक्सिजन. वजनात मोजलं तर हा एकटा गडी रेणूचा जवळजवळ ३५ टक्के भाग व्यापतो! जळायला लागणारा ऑक्सिजन हे इंधन काही अंशी स्वतःबरोबरच घेऊन येतं, पाहुण्याने आपला शिधा बांधून आणावा तसं.

साहजिकच बाहेरची हवा त्याला कमी लागते. १ किलो पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, १ किलो इथेनॉलला फक्त ९. इंजिन मात्र दर श्वासाला पूर्वीइतकीच हवा आत ओढतं. तेवढ्या हवेला पुरेल इतकं इथेनॉल द्यायचं तर ते मापाने पेट्रोलच्या दीडपट द्यावं लागतं. आपल्या बाइकचा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं ते इवलंसं पितळी भोक, पेट्रोलच्या हिशेबाने पाडलेलं असतं. त्यातून इथेनॉल पुरेसं येतच नाही. इंजिन उपाशी राहतं.

मग भोक दीडपट मोठं करायचं? थांबा! व्यास दीडपट केला तर क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं आणि इंजिनात इंधनाचा पूर येतो. दीडपट प्रवाहासाठी व्यास जेमतेम २०-२५ टक्के वाढवायचा. १ मिलिमीटरचा जेट १.२२ ते १.२५ मिलिमीटरचा झाला की काम झालं. दोन-तीन केसांच्या जाडीएवढा फरक, आणि बंद पडणारं इंजिन चालू लागतं. इंजेक्टरवाल्या गाडीत तर भोकही मोठं करावं लागेलच असं नाही. इंजेक्टर ताकदीचा असेल तर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा छोटा संगणक, तो थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो.

आता एक हिशेब करू. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या जेमतेम दोन-तृतीयांश ऊर्जा असते. तेव्हा इंजिनाची ताकदही तेवढीच घटेल, असं वाटतं ना? पण आपण दर श्वासाला इथेनॉल दीडपट देतोय. दीड गुणिले दोन-तृतीयांश म्हणजे पूर्ण एक! त्याच हवेतून जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर पडते. गाडी मरगळत नाही, टाकी लवकर रिकामी होते. तक्रार मायलेजची आहे, ताकदीची नाही, आणि या दोन गोष्टींची आपल्याकडे सर्रास गल्लत होते.

खरी मौज इथून पुढे आहे. हाताला सॅनिटायझर लावल्यावर तळवा गार पडतो तो का? अल्कोहोल उडून जाताना तळव्याची उष्णता घेऊन जातं. नेमकं हेच सिलिंडरमध्ये घडतं. एका श्वासापुरतं इथेनॉल वाफ होताना जेवढी उष्णता शोषतं, ती पेट्रोलच्या सुमारे चौपट असते. आत जाणारी हवा थंड होते, थंड हवा कमी जागेत जास्त मावते, आणि दाबली तरी लवकर भडकत नाही. हे शेवटचं सर्वांत मोलाचं.

कारण पेट्रोल इंजिनाचा जुना वैरी म्हणजे नॉकिंग. चढावर गिअर न बदलता गाडी रेटली की इंजिनातून टकटक ऐकू येते, तीच. ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं. या भीतीपायी पेट्रोल इंजिनात मिश्रण फार दाबता येत नाही. खरं तर जितकं जास्त दाबावं तितकं त्याच उष्णतेतून जास्त काम मिळतं. नॉकिंगला इंधन किती दाद देत नाही याचं माप म्हणजे ऑक्टेन. साध्या पेट्रोलचा ऑक्टेन ९१, इथेनॉलचा १०८च्या आसपास. मग सिलिंडरचं हेड घासा किंवा उंच माथ्याचा पिस्टन बसवा आणि जुन्या इंजिनाचं ७-८ पट कॉम्प्रेशन ११-१२ पटीवर न्या. इथेनॉल हूं की चूं करत नाही! लिटरमागे हरवलेल्या ऊर्जेचा काही भाग असा वसूल होतो. नुसता जेट बदलून थांबलात तर इथेनॉलचा तोटा तेवढा पदरी पडतो, फायदा तसाच राहतो.

हे सगळं एका अख्ख्या देशाने करून दाखवलं आहे. १९७३मध्ये तेलाचे भाव भडकले तेव्हा ब्राझील बहुतेक तेल बाहेरून आणत होता. ऊस मात्र घरचा, आणि अमाप. साओ जोसे दोस काम्पोस इथल्या हवाई दलाच्या तंत्रज्ञान केंद्रात उर्बानो एर्नेस्तो स्तुम्फ नावाचे अभियंते अल्कोहोलवर चालणारी इंजिनं घडवत होते. १९७५मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो गायझेल यांनी ती पाहिली, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात ‘प्रोआल्कोल’ ही राष्ट्रीय योजना जाहीर झाली. १९७९मध्ये फियाट १४७ ही निव्वळ इथेनॉलवर चालणारी मोटार कारखान्यातून बाहेर पडू लागली. तिच्या धुराला उसाच्या दारूचा वास येई, म्हणून लोकांनी तिला त्या दारूवरूनच लाडाचं नाव ठेवलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तिथे विकल्या जाणाऱ्या दर दहा नव्या मोटारींतल्या नऊ अल्कोहोलवरच्या होत्या.

वाट सोपी नव्हती. जो थंडावा नॉकिंगला आवरतो, तोच हिवाळ्याच्या सकाळी वैर धरतो. पेट्रोल म्हणजे शेकडो संयुगांची खिचडी. त्यातली काही इतकी हलकी की गारठ्यातही त्यांची वाफ होते आणि इंजिन पेटतं. इथेनॉल एकच संयुग, त्याचा उत्कलनबिंदू ७८ अंश. गारठ्यात त्याची पुरेशी वाफच होत नाही. ब्राझीलने काय करावं? बॉनेटखाली पेट्रोलची छोटीशी वेगळी टाकी बसवली! सकाळी दोन पिचकाऱ्या पेट्रोलच्या, आणि इंजिन तापलं की पुढचा दिवस अल्कोहोलचा. ही टाकी जायला २००९ उजाडावं लागलं. त्या वर्षी आलेल्या एका मोटारीत इंजेक्टरपाशी येणारं इथेनॉल आधी विजेवर गरम होऊ लागलं.

दुसरी डोकेदुखी गंजाची. पेट्रोलमधून वीज जवळजवळ वाहतच नाही. इथेनॉलमधून, विशेषतः त्यात पाणी असेल तर, वाहते. मग टाकी, नळी, कार्बोरेटर अशा निरनिराळ्या धातूंची आपसूक बॅटरी तयार होते आणि त्यातला एक धातू हळूहळू खाल्ला जातो. जस्ताच्या मिश्रधातूचे कार्बोरेटर यात पहिले बळी. त्यावर ब्राझीलच्या कारखान्यांनी कार्बोरेटरला निकेलचा मुलामा दिला आणि टाकीला आतून कथिलाची कल्हई केली. रबराच्या नळ्या आणि ओरिंग फुगतात किंवा चिरतात, तेही बदलले.

आणि पाण्याचं नवल तर ऐकाच. ब्राझीलच्या पंपावरच्या इथेनॉलमध्ये सुमारे पाच टक्के पाणी असतं आणि इंजिन कुरकुरत नाही. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल मात्र जवळपास कोरडंच लागतं, नाहीतर पाणी अल्कोहोलला ओढून घेऊन टाकीच्या तळाशी वेगळा थर करतं. आता कितीही वेळा ऊर्ध्वपातन करा, नेहमीच्या दाबाला वाफ ९५-९६ टक्क्यांपाशी अडते. उरलेलं पाणी काढायला आपल्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत एका खास खनिजाचे मणी वापरतात. त्यांची छिद्रं इतकी नेमकी की पाण्याचा रेणू आत शिरतो आणि इथेनॉलचा बाहेरच राहतो. रेणू चाळायची चाळणी!

१९८९च्या सुमाराला ब्राझीलमध्ये अल्कोहोलची टंचाई झाली, पंपांवर रांगा लागल्या आणि लोकांचा विश्वास उडाला. तो परत आणला एका हुशारीने. २००३मध्ये आलेल्या फोक्सवॅगनच्या ‘गोल’ या मोटारीत पेट्रोल, अल्कोहोल, दोन्हींचं कसलंही मिश्रण भरा, गाडी चालायची. टाकीत काय आहे हे तिला कोण सांगे? टाकीत कुठलाही महागडा सेन्सर नव्हता. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला, हे मोजणारा सेन्सर गाडीत होताच. जास्त उरला म्हणजे इंधन कमी पडलं, म्हणजे मिश्रणात अल्कोहोल वाढलं. एवढ्यावरून ईसीयू इंधनाची मात्रा आणि ठिणगीची वेळ नव्याने बसवायचा. आपण काय प्यायलो ते इंजिन स्वतःच्या उच्छ्वासावरून ओळखत होतं!

आपल्याकडे टीव्हीएसने २०१९मध्येच निव्वळ इथेनॉलवरची अपाचे बाइक आणली. पण आपल्यातल्या बहुतेकांचा संबंध येतो तो पंपावरच्या ई२०शी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलशी. पाचव्या हिश्श्याची एक-तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के घट. ई२०साठी न घडवलेल्या मोटारींचं मायलेज किती पडेल याचा नीती आयोगाच्या २०२१च्या अहवालातला अंदाजही तेवढाच आहे. ई२० धरूनच घडवलेल्या इंजिनात तो तोटा बराच भरून निघतो, आणि माझ्या मते खरा वाद इंधनाचा नसून रस्त्यावरच्या जुन्या गाड्यांचा आहे.

तेव्हा कुणी ‘जेट मोठा करून देतो, बिनधास्त शुद्ध इथेनॉल भरा’ म्हणालं तर त्याला कॉम्प्रेशनचं, कल्हईचं आणि सकाळच्या स्टार्टचं काय ते विचारा. स्वतःच्या गाडीचं मॅन्युअल उघडून ई२० लिहिलंय का पाहा. गाडी जुनी असेल तर पुढच्या सर्व्हिसिंगला इंधनाची रबरी नळी दाबून बघायला सांगा. फुगलेली, मऊ पडलेली किंवा चिरलेली असेल तर त्याच दिवशी बदलून घ्या.