टूजी बंद करा, पण आधी रेंज द्या

वर्धा जिल्ह्यात आज रस्त्यांची वानवा नाही. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून जातो, हैदराबादकडचा राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाटवरून. त्यांच्यापासून आडबाजूला बोर व्याघ्र प्रकल्पाकडचे आणि कारंजा-आष्टीकडचे डोंगराळ रस्ते आहेत. मोबाईलची रेंज मात्र रस्त्यासारखी सलग नसते. टेकडी आडवी आली, झाडी दाट झाली की ४जीच्या काड्या गळतात आणि कधी त्यांच्या जागी नुसतं इंग्रजी ‘ई’ अक्षर उमटतं. हे अक्षर म्हणजे २जी. व्हॉट्सअॅपचं चक्र फिरत राहतं, नकाशा उघडत नाही आणि प्रवासी म्हणतो, ‘रेंजच नाही.’ ते खरं नसतं, कारण फोन लागतो. या जुन्या नेटवर्कला आज एवढंच एक काम उरलं आहे, आणि प्रवासात तेच सर्वांत मोलाचं ठरू शकतं.

जुनं नेटवर्क कधी बंद करावं, ही चर्चा जगात पूर्वीही झाली आहे. अमेरिकेत १९८३ साली शिकागोत अॅनालॉग मोबाईल सेवा सुरू झाली. पुढे शहरं डिजिटल झाली, तरी कंपन्यांना ती २००८च्या फेब्रुवारीपर्यंत चालू ठेवावी लागली. खेड्यापाड्यांतून जाणाऱ्यांना तिचाच आधार होता आणि अपघात होताच मदत मागणारी मोटारींतली यंत्रंही तिच्यावर चालत. ऑस्ट्रेलियाने अॅनालॉग लवकर गुंडाळलं, पण विरळ वस्तीच्या भागासाठी सीडीएमए नावाचं दुसरं नेटवर्क उभं करावं लागलं. भारताने ही पायरी गाळली. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल कॉल लावला तो थेट डिजिटल जीएसएमवर. त्यामुळे आपल्याकडचं सर्वांत जुनं चालू नेटवर्क २जी हेच, आणि अमेरिकेने अॅनालॉगबद्दल विचारलेला प्रश्न आपल्याला २जीबद्दल विचारावा लागतो.

२जी दूरवर तग धरतं, त्याला कारणं आहेत. ते मुख्यतः ९०० मेगाहर्ट्झच्या बँडवर चालतं. फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितक्या लहरी लांब जातात आणि झाडी-भिंतींतून जास्त पार होतात. शिवाय या बँडवर २जीचा हँडसेट गरज पडल्यास क्षणाक्षणाच्या झटक्यांत दोन वॅटपर्यंत ताकद लावतो. ४जीच्या नेहमीच्या हँडसेटची मर्यादा सुमारे ०.२ वॅट असते. तरीही सगळं श्रेय २जीला देणं चूक ठरेल. ८५० मेगाहर्ट्झवरचं ४जीही लांब पोचतं. २३०० मेगाहर्ट्झवरचं मात्र टॉवरपासून फार दूर टिकत नाही. म्हणजे प्रश्न पिढीपेक्षा टॉवरचा आणि बँडचा आहे.

२जी चालू ठेवण्यावर आक्षेप आहेत आणि ते पोकळ नाहीत. पहिल्या मोबाईल कॉलला २५ वर्षं झाली त्याच दिवशी, ३१ जुलै २०२० रोजी, मुकेश अंबानींनी २जी इतिहासजमा करण्याचं आवाहन केलं. त्यांच्या जिओकडे पहिल्यापासून २जी नाहीच, त्यामुळे यात व्यवसायाचं गणित आहे. पण मुद्दा खरा आहे. २जीने अडवलेला बँड मोकळा झाला, तर त्यावर ४जी जास्त लोकांना जास्त काम देईल. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. २जीत टॉवर खरा आहे की खोटा, हे फोन तपासतच नाही. म्हणूनच अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये २जी बंद ठेवण्याची सोय आली. शहरात ती जरूर वापरावी. आडरानात मात्र हिशेब उलटतो: खोट्या टॉवरच्या भीतीपेक्षा फोनच न लागण्याची शक्यता मोठी.

‘आता सगळ्यांकडे ४जी फोन आहेत,’ हा तिसरा युक्तिवाद सर्वांत लंगडा. कापूस वेचायला जाणाऱ्या मजुराच्या खिशात अजून बटणांचा साधा फोन सापडतो. त्यावर ५ किंवा ९चं बटण दाबून धरलं की आणीबाणीचा कॉल जावा, असा नियम २०१७पासून आहे. नव्या फोनवाल्यालाही जुन्या टॉवरचा उपयोग होतो. स्वतःच्या कंपनीची रेंज नसताना पडद्यावर ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ असं दिसतं, तेव्हा ११२चा कॉल मिळेल त्या कंपनीच्या नेटवर्कवरून जाऊ शकतो. तो टॉवर २जीचा असला तरी चालतो. एका कंपनीने २जी काढलं, तर दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाचाही एक आधार तुटतो. उपग्रह फोन हा त्यावरचा पर्याय नव्हे; परवानगीशिवाय तो भारतात बाळगताच येत नाही.

म्हणून प्रवाशाने आडवाटेला लागण्यापूर्वी फोन ‘फक्त ४जी’वर अडकवू नये. दोन सिम घ्यायची तर वेगवेगळ्या कंपन्यांची घ्यावीत आणि त्यांतलं एक २जी असलेल्या कंपनीचं असावं. कॉल तुटत असेल तर एसएमएस पाठवावा; मात्र देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७०च अक्षरं मावतात, तेव्हा आधी ठिकाण लिहावं. सरकारने आणि कंपन्यांनी २जी बंद करण्याची तारीख दिल्लीत बसून ठरवू नये. महामार्ग आणि जंगलालगतच्या रस्त्यांवर कमी फ्रिक्वेन्सीच्या ४जीवरून कॉल लागतो का, हे प्रत्यक्ष फिरून मोजावं, आकडे जाहीर करावेत आणि जिथे तो लागतो तिथलं २जी काढावं. ऑस्ट्रेलियात पर्यायी नेटवर्क सरकारी धोरणाचा भाग होतं. इथेही अशा नेटवर्कचा खर्च रस्त्याच्या खर्चातच धरायला हवा, कारण अपघातानंतर ज्या रस्त्यावरून १०८ला फोन लागत नाही, तो रस्ता अर्धवटच बांधलेला असतो.