कंत्राटदाराचे डागी काम : नुकसान कोणाचे?

व्यापारी बंधूंनो, कापडाचे थान घेताना आपण ते उजेडात उलगडून पाहतो. डाग दिसला की माल परत, नाही तर भाव कमी. पण भाड्याने दिलेल्या गाळ्याची दुरुस्ती करायची वेळ आली की तोच व्यापारी तोंडी बोलीवर पैसे मोजून मोकळा होतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. घाटकोपरचा माझा एक गाळा एका दर्जीला भाड्याने दिलेला आहे. उन्हाळ्यात स्लॅबचे वॉटरप्रूफिंग करून घेतले. कंत्राटदार ओळखीचा, म्हणून लिहून काही घेतले नाही आणि सगळी रक्कम चुकती केली. पहिल्याच मोठ्या पावसात मशीनवर पाणी गळू लागले. कंत्राटदार म्हणाला, "शेठ, यंदा पाऊसच जास्त." हातात कागद नव्हता. काम दुसऱ्याकडून नव्याने करून घ्यावे लागले.

त्या दर्जीशी मात्र हुज्जत घातली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे जागा राहण्याजोगी ठेवणे हे मालकाचे काम आहे. मालकाने टाळाटाळ केली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन दुरुस्ती करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होऊ शकत नाही. म्हणजे कंत्राटदार चुकला तरी भाडेकरूपुढे जबाबदार आपणच.

गळती पैशांवर निभावते. खांबाला हात लावला तर जिवावर बेतते. २५ जुलै २०१७ रोजी घाटकोपर पश्चिमेची सिद्धी साई इमारत कोसळून १७ जण दगावले. तळमजल्यावर दुरुस्ती चालू होती. त्यात आधाराच्या खांबांना धक्का लावल्याचा आरोप झाला व पोलिसांनी गुन्हा नोंदवला. म्हणून खांब, तुळई किंवा भिंत तोडायची असेल, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनियरचा लेखी सल्ला व पालिकेची परवानगी घ्या. भाडेकरू असाल तर मालकाची लेखी संमतीही घ्या. तिच्याविना पक्के बांधकाम केल्यास जागा खाली करण्याचा दावा होऊ शकतो.

काम देताना माल कोणता, मुदत किती, हमी किती वर्षांची, हे कागदावर आणा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. ही अटही करारातच लिहा. प्लास्टर चढण्याआधी काम पाहा, फोटो काढा.

दोष निघाला तर भांडत बसू नका. फोटोंसह लेखी नोटीस द्या, दुरुस्तीसाठी मुदत द्या, पोच जपून ठेवा. तरीही दाद लागली नाही, तर दुसऱ्या कारागिराकडून खर्चाचा लेखी अंदाज घ्या. करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ खाली भरपाई मागता येते. दिवाणी दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे. स्वतःच्या राहत्या घराचे काम असेल, तर दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडेही जाता येते.

ओळखीच्या माणसाशी लिखापढी करणे म्हणजे अविश्वास नव्हे. उधारीची वही आपण भावाच्या नावानेही ठेवतोच ना!