बॅकअप दुकानातच ठेवला, तर तो बॅकअप नाही

ऑगस्ट 2020 च्या शेवटी वैनगंगेचं पाणी भंडारा शहरात शिरलं. विचार करा, कॉम्प्युटर काउंटरवर आणि बॅकअपचा पेन ड्राइव्ह खालच्या ड्रॉवरमध्ये असेल, तर पुरात दोन्ही जाणार. मग कोणाकडे किती उधारी, हे सांगणार कोण? जीएसटीचा हिशोबही वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने जपावा लागतो.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी बघा. रोज आपोआप बॅकअप होतो का? एक प्रत दुकानाबाहेर, क्लाउडवर जाते का? जुन्या तारखेची फाइल परत मिळते का? व्हायरसने आजची फाइल बिघडवली, तर कालचीच कामाला येते.

आणि महिन्यातून एकदा बॅकअपची फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. उघडली, तरच बॅकअप आहे म्हणायचं.