कातडीच्या आतली राखण



तुरीचे धसकट पायात घुसले आणि रक्त दिसेपर्यंत कळलेच नाही, असे घरात कोणी सांगितले तर ते हसण्यावारी नेऊ नका. कुष्ठरोगाची ती खूण असू शकते. हा रोग पाप नव्हे, शापही नव्हे. नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली त्याचा जंतू शोधून काढला. मग एकाच जंतूने एकाच्या अंगावर दोन-तीन चट्टे आणि दुसऱ्याच्या सर्वांगावर गाठी का येतात?

याचे उत्तर कातडीच्या आत आहे. मुंबईचे डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी 1950 च्या सुमारास रोग्यांच्या कातडीचे व मज्जातंतूंचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. मज्जातंतूंतच हा जंतू कसा ठाण मांडतो, हे त्यांनी दाखवले. बधिरपणाचे कारण तेच.

शरीराची राखण मुख्यतः दोन प्रकारच्या पेशी करतात. भक्षक पेशी जंतूला गिळतात; टी-पेशी त्यांना चेतवतात, तेव्हाच गिळलेला जंतू मरतो. हा इशारा प्रामुख्याने शेजारच्या पेशीला पोचतो. म्हणून राखणदार किती आहेत एवढे रक्तावरून मोजून भागत नाही. कोण कोणाजवळ उभा आहे, हे कातडीच्या कापातच दिसते.

अमेरिकेतील डॉ. मॉडलिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतर हेच पाहिले. सौम्य रोगात भक्षक पेशींचा घट्ट पुंजका असतो, मदतनीस टी-पेशी त्यात मिसळलेल्या असतात आणि दुसऱ्या प्रकारच्या टी-पेशी कडेने कुंपणासारख्या उभ्या असतात. तीव्र रोगात हे कुंपण नसते. पेशी विखुरलेल्या आणि भक्षक पेशी जंतूंनीच भरलेल्या. 2021 मधील अभ्यासात तर कातडीच्या साध्या पेशीही जंतू मारण्यात हातभार लावतात, असे आढळले.

पण राखण अतिही होते. औषध चालू असताना, कधी नंतरही, या पेशी एकदम जोर धरतात. चट्टे लाल होतात, मज्जातंतू सुजून दुखतात, हात किंवा पाऊल लुळे पडू शकते. अशा वेळी औषध वाया गेले समजून ते बंद करू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा; वेळीच उपचार झाला तर हातपाय वाचतात.

घरी एवढे करा. आंघोळीच्या वेळी पाठ, हात, पाय पाहा. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तेथे कापसाचा स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. तेथे औषध मोफत मिळते. ते रोगाच्या प्रकाराप्रमाणे 6 किंवा 12 महिने घ्यायचे असते. औषध सुरू झाले की लवकरच रोग्यापासून संसर्गाची भीती राहत नाही. म्हणून त्याचे ताट वेगळे करू नका, अंथरूण गोठ्यात नेऊ नका. प्रभू येशूने अशा माणसाला हात लावला, तेव्हा तर औषधही नव्हते.