आधी गाळणी, मग मासे

एप्रिल १८९१मध्ये काशीत पाण्याच्या योजनेवरून दंगल उसळली. गंगेचं पाणी उपसण्यासाठी भदैनी मोहल्ल्यात पंपघर उभं राहायचं होतं. तिथलं रामाचं देऊळ त्यासाठी पाडलं जाणार, या बातमीनं शहर पेटलं. पुढच्याच वर्षी, १८९२ला, काशीची नळयोजना सुरू झाली. भदैनीला नदीचं पाणी उचलायचं, भेलूपूरला आणून निवळू द्यायचं, गाळायचं आणि मग शहराला सोडायचं, ही ती व्यवस्था.  शहरासाठी गंगेचं पाणी आजही भदैनीहूनच उचललं जातं.

त्याच १८९२ साली जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये कॉलरानं आठ हजारांहून अधिक माणसं नेली. शेजारचं आल्टोना शहर एल्ब नदीचंच पाणी पीत होतं, तेही हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाचं, अधिक घाण. तरी आल्टोना बरंचसं वाचलं, कारण तिथे पाणी वाळूतून संथपणे गाळलं जाई. वाळूच्या कणांमधल्या फटी कॉलऱ्याच्या जंतूपेक्षा कितीतरी मोठ्या असतात, मग जंतू अडला कसा? वाळूच्या माथ्यावर काही दिवसांत एक बुळबुळीत थर धरतो. त्यात जिवाणू, शेवाळ आणि बारीक प्राणी राहतात. खरी गाळणी हा थर असतो, वाळू ही त्याची राहायची जागा.

घरात पहिल्यांदाच मोठं मत्स्यालय मांडणाऱ्यानं हे आधी मनात पक्कं करावं. दुकानदार फिल्टर विकतो तेव्हा आपण एक यंत्र घेतो, आणि यंत्र म्हटलं की बटण दाबलं की ते काम करणार असं वाटतं. पण पंप फक्त पाणी फिरवतो आणि स्पंज कचरा अडवतो. पाणी माशांना राहण्याजोगं करणारे जिवाणू फिल्टरच्या डब्यात भरून येत नाहीत. त्यांना वाढवावं लागतं आणि त्याला महिना-दीड महिना लागतो. टँक घेतल्याच्या संध्याकाळी मासे सोडले आणि आठवड्यात सगळे गेले, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. त्यात पाण्याचा किंवा नशिबाचा दोष नसतो. गाळणी जन्मलेलीच नसते.

मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया टाकतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. नदीत तो वाहून जातो, विरतो. काचेच्या पेटीत तो साचतो आणि माशाचे कल्ले जाळतो. काही जिवाणू आणि त्यांच्याइतकेच सूक्ष्म असे आर्किया या अमोनियाचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषच. त्यानं माशाचं रक्त तपकिरी पडतं आणि प्राणवायू वाहून नेईनासं होतं. जिवाणूंची दुसरी फळी, मुख्यत्वे नायट्रोस्पायरा, नायट्राइटचं नायट्रेट करते. माशांना नायट्रेट बऱ्याच प्रमाणात सोसतं आणि दर आठवड्याला थोडं पाणी बदललं की निघून जातं. ही दोन कामं दोन वेगळ्या फळ्याच करतात असं शंभराहून अधिक वर्षं मानलं जाई. २०१५मध्ये युरोपातल्या दोन संशोधक गटांनी दोन्ही कामं एकट्यानं करणारा नायट्रोस्पायरा शोधला. एका गटाला तो मत्स्यपालन केंद्राच्या गाळणीत सापडला. माशांच्या पाण्याच्या गाळणीतून इतकं मूलभूत ज्ञान निघालं, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

आता प्रत्यक्ष टँक. सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी म्हणजे २४ घनफूट, सुमारे ६८० लीटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली तरी ६०० लीटर पाणी उरतं. काच, वाळू, स्टँड धरून सगळं वजन पाऊण टनाच्या पुढे जातं. काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाटाच्या बाजूच्या जुन्या घरांत वरच्या मजल्यावर हे ठेवायचा विचारही करू नये. तळमजला घ्यावा, नाहीतर बांधकाम जाणणाऱ्याला दाखवून तुळईवर, भिंतीलगत जागा ठरवावी. शिवाय तिथल्या गल्ल्यांच्या वळणांतून सहा फुटी तयार पेटी वळत नाही. अशा घरात काचा सुट्या आणून जागेवरच सिलिकॉननं जोडून घेतात. तो सिलिकॉन पूर्ण सुकेपर्यंत पाणी भरण्याची घाई करू नये. भरल्यावरही आधी दोन-तीन दिवस नुसतं पाणी ठेवून गळती पाहावी.

एवढ्या पाण्याला कोपऱ्यात चिकटवायचा छोटा फिल्टर पुरत नाही. दुकानात तीन पर्याय दाखवतात. वर बसणारा टॉप फिल्टर स्वस्त असतो, पण त्यात गाळण-सामान भरायला जागा कमी. बंद डब्याचा कॅनिस्टर दिसायला नेटका, मात्र सहा फुटांना दोन लागतात आणि ते महाग पडतात. माझं मत स्पष्ट आहे: नवशिक्यानंही सम्पच करावा. खाली स्टँडमध्ये दुसरी लहान पेटी असते. वरचं पाणी ओव्हरफ्लोनं, म्हणजे ठरलेल्या कडेवरून सांडून, तिच्यात उतरतं, गाळलं जातं आणि पंप ते परत वर चढवतो. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि तितकाच उंच सम्प म्हणजे सुमारे १३० लीटरची जागा. त्याचे तीन कप्पे करायचे. पहिल्यात पॉलिएस्टरचा पांढरा कापूस आणि जाड स्पंज, कचरा अडवायला. मधल्या, सगळ्यात मोठ्या कप्प्यात जिवाणूंचं घर: सिरॅमिक रिंगा, लाव्हा दगड किंवा भांडी घासायच्या प्लास्टिकच्या नव्या कोऱ्या जाळ्या, साबण नसलेल्या. जिवाणूंना ब्रँड कळत नाही. त्यांना खडबडीत पृष्ठभाग आणि त्यावरून वाहणारं, प्राणवायूनं भरलेलं पाणी हवं. शेवटच्या कप्प्यात पंप.

सम्प करताना चूक होते ती वीज गेल्यावर कळते. पंप थांबला की ओव्हरफ्लोच्या कडेवरचं पाणी आणि नळ्यांतलं पाणी खाली उतरतं. सहा बाय दोन फुटांच्या टँकमध्ये एक इंच पाणी म्हणजे बरोबर एक घनफूट, २८ लीटर. दोन इंच उतरले तर ५६ लीटर. एवढी जागा सम्पमध्ये कायम रिकामी राहायला हवी. परतीच्या नळीला पाण्याच्या पातळीलगत एक बारीक भोक पाडावं, म्हणजे तिथून हवा शिरते आणि नळी उलटं पाणी ओढत नाही. मासे आणण्यापूर्वी प्लग काढून हे सगळं स्वतः पाहून घ्यावं, आणि एकदाच नव्हे, अनेकदा.

पंपाचा हिशेब असा. तासाला टँकच्या पाचपट पाणी फिरावं, म्हणजे ३००० लीटर. खोक्यावरचा आकडा मात्र पाणी वर न चढवता मोजलेला असतो. चार-पाच फूट चढवताना तो बराच घटतो, म्हणून ४५०० ते ५००० लीटरचा पंप घ्यावा. ५० वॉटचा पंप अहोरात्र चालला तर दिवसाला १.२ युनिट वीज लागते. रात्री पंप बंद करून वीज वाचवू नये. जिवाणूंना चोवीस तास श्वास हवा असतो.

टँक भरून पंप सुरू झाला की खरं काम सुरू होतं. रिकाम्या टँकमध्ये जिवाणूंना खायला अमोनिया द्यायचा. प्रयोगशाळेच्या दर्जाचा शुद्ध नवसागर ६०० लीटरला साधारण ४ ग्रॅम टाकला, तर लीटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया होतो. कल्हईवाल्याकडचा नवसागर नको, त्यात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. थेंबांचं टेस्ट किट घ्यावं आणि दोन-तीन दिवसांआड अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजून वहीत लिहावं. आठवडाभर काहीच घडत नाही असं वाटेल. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होऊ शकतात, तर अमोनिया खाणाऱ्यांना त्यासाठी निदान आठ तास आणि बहुधा त्याहून बराच वेळ लागतो. मग अमोनिया उतरू लागतो आणि नायट्राइट चढतं. बरेच जण इथे धीर सोडतात. यानंतर नायट्राइटही उतरतं आणि नायट्रेट दिसू लागतं. अमोनिया संपेल तसा नवसागर पुन्हा द्यावा, पण नायट्राइट फार चढलेलं असेल तर तो अर्ध्यावर आणावा. २ मिलिग्रॅमची मात्रा चोवीस तासांत पुरती फस्त झाली आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य आले, की गाळणी तयार. त्या दिवशी निम्म्याहून अधिक पाणी बदलून साचलेलं नायट्रेट काढावं. ओळखीच्या कुणाचा जुना, निरोगी टँक असेल तर त्याच्या फिल्टरमधला स्पंज मागून घ्यावा आणि ओला असतानाच आपल्या सम्पमध्ये ठेवावा. ते विरजणच असतं, महिन्याचं काम दोन आठवड्यांवर येऊ शकतं.

काशीच्या पाण्याचा स्वभावही समजून घ्यायला हवा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. माणसाला रोगजंतूंपासून वाचवणारं हे क्लोरीन माशांचे कल्ले जाळतं आणि आपण वाढवलेले जिवाणूही मारतं. म्हणून टँकमध्ये जाणाऱ्या प्रत्येक बादलीत आधी अँटी-क्लोरीन टाकावं, किंवा पाणी पिंपात भरून एअरस्टोननं दिवसभर हवा सोडावी. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसतं. गंगेच्या गाळाच्या जमिनीतलं हे पाणी बायकार्बोनेटयुक्त, बहुधा जड आणि किंचित अल्कधर्मी असतं. जिवाणूंना ते मानवतं, कारण अमोनिया फस्त करताना ते पाण्यातली अल्कता खर्च करत असतात. अडचण निराळीच. अमोनियाचा जो भाग खरा विषारी, तो पीएच ७ असताना जेमतेम अर्धा टक्का असतो, ८ असताना पाच टक्क्यांच्या वर जातो. टेस्ट किटवरचा अमोनियाचा तोच आकडा मऊ पाण्याच्या टँकमध्ये निभावून जाईल, इथे मासे मारील. कच्च्या गाळणीला काशीचं पाणी सवलत देत नाही.

उन्हाळा तर कसोटीच पाहतो. २० अंश तापमानाच्या पाण्यात लीटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन फस्त करायला जिवाणूंना साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो. म्हणजे मे महिन्यात मासे आणि गाळणी एकाच अपुऱ्या साठ्यावर जगतात. अशा वेळी वीज गेली तर? काशीनं हे मोठ्या मापावर पाहिलं आहे. १४ जून १९८६ रोजी दशाश्वमेध घाटावर गंगा कृती योजनेची सुरुवात झाली. पुढे दीनापूरला रोज आठ कोटी लीटर सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र उभं राहिलं. तिथेही काम जिवाणूच करतात आणि त्यांना यंत्रानं हवा पुरवावी लागते. संकटमोचन मंदिराचे महंत आणि काशी हिंदू विद्यापीठातले जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक वीरभद्र मिश्र वर्षानुवर्षं सांगत राहिले की, जिथे वीज भरवशाची नाही तिथे विजेवरच अवलंबून असलेली व्यवस्था नदी वाचवू शकत नाही. २०१३मध्ये ते गेले. घरच्या टँकलाही त्यांचा आक्षेप लागू पडतो. पंप इन्व्हर्टरवर घ्यावा, जोडीला बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवावा. कॅनिस्टर असेल आणि तो काही तास बंद पडला असेल, तर आतलं कुजलेलं पाणी ओतून टाकल्याशिवाय तो सुरू करू नये. सम्प उघडा असल्यानं त्यातला थर जास्त वेळ तग धरतो. माझ्या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

सफाईत उत्साह आवरावा लागतो. कापूस आठवड्याला धुवावा किंवा बदलावा. मधल्या कप्प्यातलं सामान चार-सहा महिन्यांनी, तेही अर्धंच, टँकमधूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात हलकेच खळबळावं. नळाखाली चकचकीत धुतलं की महिनाभराची मेहनत मोरीत गेली. पाव हिस्सा पाणी दर आठवड्याला बदलावं. ते कुंड्यांना घालावं, त्यातलं नायट्रेट झाडांना खत आहे.

टँक साफ ठेवेल म्हणून सकर मासा गळ्यात मारला जातो, तो घेऊ नये. तो काचेवरचं शेवाळ थोडंफार खातो, पण फूटभर वाढतो आणि कुणाहीपेक्षा जास्त घाण करतो. मग कंटाळून लोक त्याला नदीत सोडतात. सप्टेंबर २०२०मध्ये रामनगरजवळ गंगेत दक्षिण अमेरिकेतला सकर जाळ्यात सापडला आणि विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी त्याची ओळख पटवली. नको झालेला मासा दुकानात परत द्यावा किंवा दुसऱ्या हौशी माणसाला द्यावा. घाटावरून पुण्य म्हणून सोडलेला परका मासा गंगेच्या माशांचं खाणं आणि जागा हिरावतो.

त्यापेक्षा गंगेच्याच खोऱ्यातले मासे ठेवावेत. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश वैद्यानं १८२२मध्ये गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या अडीचशेहून अधिक माशांचं वर्णन छापलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जाणारा झेब्राफिश त्यात आहे. रोझी बार्ब, हनी गौरामी, पट्टेरी बोटिया हेही त्यातलेच. इथलं जड पाणी त्यांना चालतं. झेब्राफिश आणि रोझी बार्ब पौषाच्या थंडीतही बऱ्यापैकी टिकतात, बोटिया आणि गौरामीला मात्र हीटर द्यावा. आधी डझनभर झेब्राफिश सोडावेत, दोन आठवड्यांनी आठ-दहा रोझी बार्ब, आणखी दोन-तीन आठवड्यांनी गौरामी. बोटिया सगळ्यात शेवटी आणि निदान सहांच्या गटानं, कारण तळाशी चरणाऱ्या या माशाला मुरलेलं पाणी लागतं. प्रत्येक तुकडीनंतर आठवडाभर रोज अमोनिया आणि नायट्राइट मोजावं. आकडा शून्यावरून हलला तर खाणं निम्म्यावर आणावं, पाणी बदलावं आणि पुढची तुकडी लांबवावी.